उल्हासचे कच्चे टेक

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

निहारने फर्मान काढलंय : मशीनवर जे काही बदलशील ते तारीख घालून लिहून ठेव, नाहीतर पुन्हा मला फोन करू नकोस. धाकटा भाऊ आहे, पण पुण्यात नेटवर्कची कामं करतो, त्यामुळे माझ्यावर डाफरायचा परवाना मिळालाय त्याला. तर लिहितो.

आज काय बदललं? काही नाही. आज नुसता घाबरलो.

डिस्क भरत आली म्हणून आमच्या ऑफिसातली मुलगी, पूर्वी, सकाळपासून ओरडत होती. म्हणून मी ऑफिसच्या मोठ्या मशीनवर बसलो. आमची सगळी रेकॉर्डिंग्ज त्यावर असतात. शेवटचं कोण आत आलं होतं तेही तिथे दिसतं. सगळ्यात वरचं नाव होतं उल्हास. आजचंच. दुपारी, जेवायच्या वेळेचं.

उल्हास ऑगस्टमध्ये गेला. लोधी रोडच्या स्मशानात त्याला पोचवायला मी स्वतः होतो.

मी खुर्ची मागे सरकवली आणि त्याच्या रेकॉर्डिंग बूथकडे बघितलं. दिवा बंद होता. बंदच असणार, दुसरं काय? तरी उठून दार ढकलून आलो. पन्नाशीला आलेला माणूस मी, असं करताना पूर्वीने बघितलं नाही हे नशीब.

आमचा धंदा आवाजाचा. नोएडात, सेक्टर ६३ मध्ये दोन खोल्या, त्यात ध्वनिपुस्तकं आणि शाळांचे धडे. उल्हास वाचायचा, मी कापायचो. आता मी आणि पूर्वी, दोघंच. आजकाल थोडासा आवाज हाती लागला की यंत्र त्यातून हवं ते वदवून घेतं. मयूर विहारमधल्या एका बाईंचा आवाज असाच पळवून कुणीतरी पानमसाल्याच्या जाहिरातीत घातला. बाईंना कळलं ते नातेवाइकांच्या फोनवरून. त्या निदान भांडायला तरी जिवंत होत्या. उल्हासच्या तोंडी कुणी काहीही घातलं तर तो नाही म्हणायला कुठून येणार?

त्याचा आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही. बाकी ऑफिस गेलं खड्ड्यात.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

निहारने आधी आमच्या राउटरला शिव्या घातल्या, मग मला. "दादा, तो इंटरनेटवाल्याने लावून दिलेला डबा आहे. त्याला दार म्हणतात का? एखादा जुना कॉम्प्युटर पडलाय का तुझ्याकडे?"

पडलाय. उल्हासच्या टेबलाखाली त्याचं जुनं मशीन आहे. नवीन घेतल्यावर मी ते भंगारात काढत होतो, तर म्हणाला, "इंद्या, राहू दे रे, कामाला येईल." त्याला काहीही टाकवत नसे.

निहारची योजना सोपी आहे म्हणे. त्या मशीनवर ताजं लिनक्स टाकायचं, दोन नेटवर्क कार्डं लावायची. एका कार्डात बाहेरची वायर, दुसऱ्यात ऑफिसची. मधे हे बसणार. येणारं-जाणारं सगळं याच्या हाताखालून जाणार, आणि आपण सांगू तेवढंच हे आत सोडणार.

नेहरू प्लेसहून दुसरं कार्ड आणलं. झाकण उघडलं तर आत ही धूळ! धुळीत एक पांढरा केस निघाला. माझे अजून काळे आहेत, पूर्वीचे हातभर लांब. फुंकर मारायला तोंड पुढे केलं आणि मारवेना. शेवटी कागदाच्या कपट्याने तो केस बाजूला केला आणि कपट्यासकट खणात ठेवला. कशाला ठेवला, विचारू नये.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज ऑफिस दिवसभर बंद पाडलं. श्रेय सर्वस्वी माझं.

निहारने सांगितलं होतं, आधी सगळं बंद करायचं, मग लागेल तेवढंच एकेक उघडायचं. मी शिस्तीत माझ्या खुर्चीवरून, नेटवर्कमधूनच, 'सगळं बंद' ठोकलं. झालं! त्या मशीनने सगळ्यात आधी मलाच हाकललं. मग कीबोर्ड, पडदा, वायरी उचलून त्याच्यासमोर जमिनीवर फतकल मारून बसलो. कमरेचा काटा ढिला झाला.

"सर, तुम्ही तर स्वतःच बाहेर राहिलात, यार!" पूर्वी दात काढत होती. तिच्या मराठीत निम्मं हिंदी. जन्म इथला, आईवडील नागपूरचे.

संध्याकाळपर्यंत चालू झालं. मशीनला नाव द्यावं लागतं. मी दिलं देवडी.

"देवडी मतलब? देवीचं घर?"

"अगं, वाड्याच्या दारातली पहारेकऱ्यांची जागा. तिथे विचारल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत."

"अच्छा, मतलब गार्डरूम."

कप्पाळ! असो, बदल लिहितो : पाहुण्यांचं वायफाय वेगळं केलं. बाहेरून आत यायची सगळी दारं बंद केली. एक सोडून.

जे सोडलंय ते उल्हासचं. घरून काम करता यावं म्हणून त्याने ते करून ठेवलं होतं. तो घरच्या लॅपटॉपवरून सरळ आत यायचा. निहारला सांगितलं की चोराला पकडायचं आहे म्हणून उघडं ठेवलंय. तो म्हणाला, मूर्ख आहेस. असेन. पण ते नाव पुन्हा दिसावं असं मला वाटत होतं, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगू?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आला.

पूर्वी डबा घेऊन खाली गेली होती. हवेत इतका धूर की समोरची इमारत दिसत नाही. तिचा घसा बसलाय, म्हणून रेकॉर्डिंग बंद. सगळीकडे शांत. मी देवडीच्या पडद्यापुढे पोळीचा रोल खात होतो आणि पडद्यावर ओळ उमटली. उल्हास आत आला.

तो काय टाइप करतोय ते मोठ्या मशीनवर दिसत होतं. त्याने लिहिलं aika. ऐका.

ही उल्हासची स्वतःची कमांड. त्याने गमतीत मराठी कमांडी करून ठेवल्या होत्या. aika लिहून रेकॉर्डिंगचं नाव दिलं की ते वाजतं. बाहेर पडायचं असलं की yeto. माणूस निघताना येतो म्हणतो, जातो म्हणत नाही, मशीनलाही तीच सवय लावायची, असं त्याचं म्हणणं. हे जगात किती जणांना माहीत आहे? मला, आणि त्याला.

मी पडद्याकडे बघून, हळूच पण मोठ्याने, "उल्ह्या?" म्हणालो. लिहिताना लाज वाटतेय, पण म्हणालो हे खरं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज डोकं ताळ्यावर आहे. भूतबीत काही नाही. भुताला पासवर्ड लागत नाही. देवडीने पत्ता पकडलाय, तो दिल्लीतलाच आहे, पण कुठल्या घरातला ते त्यावरून कळत नाही म्हणे. यायची वेळ ठरलेली : सोमवार ते शुक्रवार जेवायच्या सुट्टीत, आणि कधी रविवारी सकाळी. चोरसुद्धा सरकारी नोकरीतला दिसतोय!

एक मात्र कळत नाही. पॉलिश केलेली, पुस्तकाच्या रूपात तयार असलेली रेकॉर्डिंग्ज तो उघडतच नाही. उघडतो ते कच्चे टेक. म्हणजे माझ्या कात्रीआधीचा माल : खोकला, अडखळणं, घोट घेणं, "थांब, परत घेतो". बाजारात ज्याला कुणी हुंगणार नाही तो कचरा. आणि उचलूनही नेत नाही, एकही फाइल उतरवून घेतलेली नाही. येतो, ऐकतो, जातो.

आज जाताना चुकला. आधी लिहिलं yete. अशी कमांड नाही असं मशीनने सांगितलं. मग थोड्या वेळाने लिहिलं yeto, आणि गेला. निहारला म्हटलं, बघ, घाईत होता, घाबरलाय बेटा, स्पेलिंगसुद्धा चुकायला लागलंय.

रविवार, ३० नोव्हेंबर

लक्ष्मीबाई नगरला जाऊन आलो, उल्हासच्या घरी, शुभदावहिनींकडे. उल्हासचा चष्मा आणि एक स्वेटर ऑफिसात राहिला होता. वहिनी मंत्रालयात सांख्यिकीच्या खात्यात आहेत. सरकारी क्वार्टर त्यांच्या ऑफिसपासून जवळ, दुपारच्या जेवायला घरी येतात. अजून बरीच वर्षं नोकरी आहे, म्हणून क्वार्टर आहे.

मला त्या कधी कळल्याच नाहीत. लोधी रोडला रडल्या नाहीत. तेराव्याला आलेल्यांना वाढत होत्या, मीठ बरोबर आहे का विचारत होत्या. महिन्याभरात त्याचे कपडे देऊन मोकळ्या. स्वेटर हातात दिला तर घडी नीट करून बाजूला ठेवला. मला राग आला, लिहूनच ठेवतो. सोळा वर्षं ज्याच्यासोबत काम केलं त्याचा केस मला टाकवत नाही, आणि इथे!

"ऑफिसात अजून काही आहे त्याचं. आणून देऊ?" मी विचारलं.

"नको. तुमच्या ऑफिसचं मला काही नको." मग चहा ओतता ओतता म्हणाल्या, "त्याची जुनी रेकॉर्डिंग्ज असतात का हो अजून? की काढून टाकता?"

मग मी चोराचं सगळं सांगितलं. देवडीचंही, जरा फुशारकी मारूनच. वहिनींचा हात थांबला. चहा बशीत सांडला.

"तो चोरतो काय पण?"

"अजून काही नाही. ऐकतो नुसता."

"मग ऐकू दे की."

"वहिनी, अहो, उल्हासचा आवाज आहे तो! कुणी परका..."

"पकडलात तर काय करणार?"

"पोलिसात देणार. सोडतो की काय!"

टेबलावर लॅपटॉप होता, वहिनी त्यावरचं वर्तमानपत्र सरळ करत बसल्या. निघताना म्हणाल्या, हवा वाईट आहे, मास्क लावत जा. काळजाच्या जागी या बाईंनी सरकारी फाइल ठेवलीय बहुतेक.

मंगळवार, ९ डिसेंबर

आठवडाभर चोर फिरकला नाही. मला वाटलं, देवडीला घाबरला. आज आला, आणि एकच टेक पुन्हा पुन्हा लावत बसला. जेवायची सुट्टी संपली तरी हलेना.

तो गेल्यावर मी हेडफोन लावला आणि तोच टेक ऐकला. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच. तोवर धीर झाला नव्हता.

लॉकडाउनमधला टेक आहे. तेव्हा स्टुडिओ बंद, उल्हास घरीच कपाटासमोर गोधडी टांगून वाचायचा आणि मला पाठवायचा. आधी खुर्ची करकरते. मग त्याचा तो श्वास, ओढून घेतलेला, मागे बारीक शीळ असलेला. त्याला दमा होता, मला तो श्वास कापायला नेहमी वैताग यायचा. दोन वाक्यं वाचतो, अडखळतो. "श्या! परत." कुकरची शिट्टी. "शुभाऽ, दोनच झाल्या ना?" आणि लांबून वहिनींचा आवाज : "तीन. तू वाच." मग तो हसतो. मग वहिनी जवळ येतात बहुधा, कारण अगदी हळू ऐकू येतं, "पंखा लावू का? घामाघूम झालायस." तो म्हणतो, "आवाज येईल गं. तूच बस इथे."

मी हेडफोन काढून टेबलावर आपटला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो.

तोंड धुऊन आलो तेव्हा डोक्यात तिडीक गेली होती. म्हणजे या हरामखोराच्या कानावर वहिनींचंही बोलणं पडतंय. त्यांच्या घरातलं, त्यांच्या स्वयंपाकघरातलं! त्या कशाही असोत, त्यांच्या घरात एवढं डोकावायचा कुणाला काय अधिकार? उद्या यातून त्यांचाही आवाज कुणी बनवेल.

बस्स. पकडापकडी पुरे झाली.

शुक्रवार, १२ डिसेंबर

बदल लिहितो.

एक, उल्हासचं दार देवडीवर बंद केलं. त्याचं नाव काढून टाकलं.

दोन, उल्हासचे सगळे कच्चे टेक नष्ट केले. निहार म्हणाला, जे नाहीच ते कुणी चोरणार नाही. नुसतं पुसलं तर परत काढता येतं, म्हणून जागेवर पुन्हा पुन्हा निरर्थक काहीतरी लिहिणारी कमांड त्याने दिली. बॅकअपच्या डिस्कवरही चालवली. तसंही पुस्तक पोचवलं की कच्चे टेक काढून टाकायची आमची पद्धतच आहे. उल्हासचे राहिले होते ते त्याच्या काही न टाकण्याच्या खोडीमुळे. तयार रेकॉर्डिंग्ज अर्थात सुरक्षित आहेत.

पूर्वी म्हणाली, "सर, एकदा शुभदा आंटींना विचारायचं का?"

"त्यांनी स्पष्ट सांगितलंय, ऑफिसचं काही नको."

वहीत खोटं कशाला लिहू? आणखी एक कारण होतं. ते टेक तिथे असते तर मी रोज ऐकले असते. ऐकून रोज नळ सोडून बसलो असतो. माझ्यात ते बळ नाही. कमांड संपली आणि हुश्श झालं.

सोमवार, १५ डिसेंबर

जेवायच्या सुट्टीत दार वाजलं. म्हणजे देवडीच्या पडद्यावर ओळी आल्या : उल्हास, नाकारलं. उल्हास, नाकारलं. उल्हास, नाकारलं.

आधी टाळी वाजवली. देवडी जिंकली! पूर्वीला बोलावून दाखवलं. ती बघून म्हणाली, "सर, बुरा लग रहा है. कुणीतरी घराबाहेर उभं आहे असं वाटतंय."

"चोर आहे तो."

"हो, सर."

ओळी येतच राहिल्या. मी पडदा बंद केला. बंद पडद्यामागे त्या येत असतील हे माहीत होतं, म्हणून परत चालू केला.

शुक्रवार, २६ डिसेंबर

गेल्या आठवड्यापर्यंत रोज वाजत होतं. या आठवड्यात एकदाही नाही. दमला.

निहार खूश आहे. म्हणतो, दादा, एवढं चोख काम मी शिकाऊ पोरांकडून करून घेऊ शकत नाही. मला खूश व्हायला काय झालंय? दुपारी जेवायला बसलो की नजर पडद्याकडे जाते. रात्री झोपेत "नाकारलं" असं कुणीतरी उल्हासच्या आवाजात म्हणतं, स्वच्छ, एका दमात.

इथल्या मराठी मंडळाच्या साधनाताईंचा फोन आला होता. चौदा जानेवारीला, पानिपतच्या लढाईच्या दिवशी, तिथल्या स्मारकाला, काला अंबला, नेहमीप्रमाणे बस जाणार. लॉकडाउनमध्ये जाता आलं नव्हतं तेव्हा उल्हासने घरून त्या दिवसाचं निवेदन वाचून दिलं होतं, ताईंनीच लिहिलेलं. ते यंदा स्मारकाजवळ स्पीकरवर लावायचं म्हणतात. हो म्हटलं. त्यातले एकदोन कोपरे अजून घासून देतो म्हटलं.

बुधवार, १४ जानेवारी २०२६

उशीर झालाय, तरी आजच लिहितो.

काला अंबला इतकं धुकं होतं की पुढची रांग दिसत होती, मागची नाही. वहिनी बसमध्ये सगळ्यात मागे बसल्या होत्या. ताईंनी दोन शब्द सांगितले आणि मी स्पीकर चालू केला.

धुक्यातून उल्हासचा आवाज आला. खणखणीत, कुठे डाग नाही. शब्दामागून शब्द, वाक्यामागून वाक्य. माणसं मान खाली घालून उभी होती, एक आजोबा डोळे पुसत होते. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. देवा, मला अभिमान वाटला!

संपल्यावर वहिनींना शोधत गेलो. कुंपणाशी एकट्याच उभ्या होत्या, शाल तोंडावर धरून.

"कसं वाटलं, वहिनी?"

"यात तो श्वास कुठे घेतो?"

"श्वास कापतो आम्ही. श्वास, खोकला, खुर्ची, सगळंच. एकही सापडायचा नाही तुम्हाला."

"नाही सापडला," वहिनी म्हणाल्या. "मी शोधत होते. इतका वेळ माणूस बोलतोय आणि एकदाही श्वास घेत नाही. मेलेलं माणूस बोलतंय असं वाटलं मला. पहिल्यांदाच वाटलं. इतके दिवस तसं वाटत नव्हतं."

मला काही समजेना. इतके दिवस म्हणजे?

"ते दुसरे होते ना, इंद्रजित. कच्चे. त्यात त्याला दम लागायचा. मध्येच मला हाका मारायचा. दुपारी घरी आले की पान वाढून घ्यायचे आणि एक लावायचे. महिनाभर झाला, उघडतच नाहीत. मला वाटलं लॅपटॉप बिघडला. मग वाटलं, तुम्ही पोलिसात दिलंत की काय."

yete. येते. बाईमाणूस येतेच लिहिणार! सवयीने हात गेला असेल, मग त्याचा शब्द आठवला असेल. मला, शब्द कापून पोट भरणाऱ्याला, एवढं कळू नये?

"वहिनी, मागायचे ना माझ्याकडे! एका शब्दावर दिले असते."

"साफ करून दिले असते," त्या म्हणाल्या.

ते खरं होतं. घासूनपुसून, त्यांचा स्वतःचा आवाज काढून, छान पेटीत घालून दिले असते.

"आता उघडा ना ते दार. मी कुणाला देणार नाही. मला उतरवून घेतासुद्धा येत नाही, त्याने शिकवलं होतं तेवढंच येतं."

तेव्हा मला सांगावं लागलं. त्यांना आधी कळलंच नाही. "डिलीट केलेत, पण असतील ना कुठेतरी? असतं ना सगळं कुठेतरी?" मी नाही म्हटलं. पुन्हा पुन्हा त्यावर लिहिलंय म्हटलं. "कशाला?" म्हणाल्या. तुमचा आवाज कुणाच्या हाती लागू नये म्हणून, असं मी म्हणालो. ते ऐकून त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग रडल्या. बसपर्यंत आणि बसमध्येही. सोनिपतपर्यंत मी त्यांच्या पुढच्या सीटवर बसून ते ऐकत होतो. मागे वळायची छाती झाली नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

निहारला फोन केला. काही म्हणजे काहीच परत येणार नाही. "दादा, तू चूक केलीच नाहीस, सगळं बरोबर केलंस, म्हणूनच." जुने फोन, जुने मेल, पूर्वीकडची पेनड्राइव्ह, सगळं उपसून झालं. एक श्वास मिळाला नाही. सोळा वर्षं मी हे काम फार चांगलं केलंय.

शनिवार, १७ जानेवारी

वहिनी आल्या. मी बोलावलं नव्हतं. सुट्टीचा दिवस, मेट्रोने आल्या. उल्हासच्या खुर्चीत बसल्या नाहीत, माझ्या शेजारी स्टूल ओढून घेतलं.

"कसं कापता ते दाखवा मला."

शिक्षा असेल तर हीच बरी, असं मनात म्हणून लॉकडाउनमधलं एक तयार रेकॉर्डिंग उघडलं. पडद्यावर आवाजाचे उंचवटे दिसतात ते दाखवले. दोन वाक्यांच्या मधली सपाट जागा दाखवली.

"इथे होता श्वास?"

"इथे होता."

"आता इथे काय आहे? काहीच नाही?"

"काहीच ठेवलं नाही तर कानाला खड्डा लागतो. म्हणून ठिगळ लावतो. खोलीच्या शांततेचं. वाचायच्या आधी कुणी न बोलता, न हलता नुसत्या खोलीचा आवाज घेऊन ठेवायचा असतो. तोच तुकडा सगळीकडे भरतो."

"कुठल्या खोलीचा?"

"जिथे वाचलं तिथलाच लागतो. दुसऱ्या खोलीचा जुळत नाही."

वहिनींनी पडद्यावरच्या त्या सपाट जागेवर बोट ठेवलं. मग बोलल्या ते माझ्याशी नव्हे बहुतेक. "'शुभा, शांतता घेतोय, हलू नकोस.' रोज म्हणायचा. मी समोर बसून भाजी निवडत असायचे. शेंग हातात असली तर तशीच धरून बसायचे. तो डोळे मोठे करून बघायचा माझ्याकडे, मला हसू यावं म्हणून."

मी लॉकडाउनमधली सगळी रेकॉर्डिंग्ज एकेक करून उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा उलटं काम केलं. शब्द कापले, मधली ठिगळं ठेवली. एकापुढे एक जोडली. हेडफोन वहिनींच्या कानाला लावला, दुसरा मी घेतला.

मला बारीकशी घूं ऐकू येत होती, बाकी काही नाही. "वाढवा," त्या म्हणाल्या. वाढवलं. "अजून." अजून वाढवलं. घूं मोठी झाली, एवढंच.

"आहोत," वहिनी म्हणाल्या. "दोघं आहोत."

डोळे मिटलेले, हात मांडीवर, मूठ अर्धी बंद. त्या हलत नव्हत्या. पूर्वी चहा घेऊन आली, तिला मी हातानेच दारात थांबवलं.